अध्यक्षांचा डावा डोळा

दिवाळीनंतर दिल्लीत सगळ्यांचेच डोळे गळतात, म्हणून आमच्या सशाच्या डोळ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं होतं. हे फुशारकीनं सांगत नाही, चिडून सांगते आहे. आमच्या घरात लक्ष देऊन, बोलून, ओरडूनही काही होत नाही, जोवर बाबांचं त्यावर मत तयार होत नाही. आणि बाबांचं मत तयार झालं, की मग तर काहीच होत नाही.

त्याच्या डाव्या डोळ्याखालची लव ओली दिसायला लागली. आधी नुसती ओली, मग चिकट, मग थेट मिशांपर्यंत एक पट्टा, जिथले केस झडून खालची गुलाबी कातडी उघडी पडली होती. उजवा डोळा मात्र कोरडा, स्वच्छ, काळाभोर. मी बाबांना दाखवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली आणि निदान केलं, "प्रदूषण."

"बाबा, प्रदूषण एकाच डोळ्याला होतं का?"

"वारा कुठून येतो ते बघ ना. त्याचं खोकं बाल्कनीच्या दाराशी आहे. डावी बाजू दाराकडे."

"तो दिवसभर घरभर उंडारतो. त्याची डावी बाजू कायम दाराकडे कशी असेल?"

"तुझा मुद्दा मी नोंदवून घेतो," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीभर युनियनच्या बैठकांमध्ये वापरलं आहे आणि त्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. मुद्दा संपला, खाली बसा.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पण त्यांची खरी नोकरी पत्रकं लिहिण्याची. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी बाराखडी संपवून थेट त्यांवर आले. महागाई, कंत्राटी भरती, पेन्शन, पाणी. प्रत्येक दुःखाला एक मोठं, सामाजिक कारण असतं, हे मी दुधाचे दात पडायच्या आधी शिकले आणि आजही मानते. फक्त मोठ्या कारणाला बोट लावून ते ओलं आहे की कोरडं हे बघता येत नाही. सशाच्या गालाला लावता येतं. ते कुणी लावायला तयार नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आलो. ससा तिथलाच. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं तो मुलीच्या वाढदिवसाला फुग्यांबरोबर आणला होता. जिवंत प्राणी भेट म्हणून द्यायचा नसतो, यावर मी त्यांच्याशी जिन्यात भांडले होते. मग त्यांची बदली बेंगळुरूला झाली आणि 'दोन दिवस ठेवा प्लीज' म्हणून ते त्याला आमच्या दारात ठेवून गेले. पुन्हा फोनसुद्धा नाही. जिन्यातलं भाषण माझंच असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. बाबा म्हणाले, "प्राणी पाळणं म्हणजे मालकी. मी माझ्या घरात कुणाचा मालक होणार नाही." आठवड्याभरात ते त्याच्यासाठी कोथिंबीर निवडत होते.

नाव ठेवायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. नाव मालक ठेवतो. पद दिलेलं चालतं. रविवारी सकाळी बाबांचे निवृत्त सहकारी आमच्या हॉलमध्ये जमतात आणि देशाचं काय होणार यावर वाद घालतात. पहिल्याच रविवारी ससा सतरंजीच्या बरोबर मध्यभागी येऊन बसला. कान ताठ, चेहरा निर्विकार, एक शब्द नाही. आवाज फार चढले तेव्हा त्यानं मागचा पाय जमिनीवर असा आपटला, की सगळे गप्प झाले. "अध्यक्षांनी सभा तहकूब केली," बाबा म्हणाले. तेव्हापासून तो अध्यक्ष.

तर अध्यक्षांचा डावा डोळा गळत होता आणि घरात त्यावर उपाय सुरू झाले. आई गुलाबजल घेऊन आली. "तुझे डोळे आले होते तेव्हा हेच घातलं होतं. बिल्कुल सेफ आहे." मी बाटलीवरचं अत्तराचं नाव वाचून दाखवलं, तर म्हणे, "अगं, वासापुरतं असतं ते." मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी त्रिफळ्याचं पाणी सुचवलं, कुणी मध, कुणी दृष्ट काढायला सांगितली. एका काकूंनी 'कान्ट बी सीरियस यार, रॅबिट्सच्या आईज रेडच असतात' असं लिहून विषय मिटवला. आमच्या सशाचे डोळे काळे आहेत. ग्रुपवर त्याचा फोटो होता. फोटो बघूनच त्यांनी ते लिहिलं होतं.

आणि गाजरं. गाजरानं नजर सुधारते, यावर आमच्या घरात आस्तिक, नास्तिक, डावे, उजवे सगळ्यांचं एकमत आहे. थंडीत दिल्लीत लालबुंद गाजरांचे ढीग लागतात. बाबा पिशवीभर आणायचे. सकाळी गाजर, दुपारी गाजर, चहाच्या वेळी मारी बिस्कीट, कारण आम्ही खातो तर त्यानं का नाही. डोळा जास्त गळायला लागला तशी गाजरं वाढली. मी कुठेतरी वाचलं होतं, की सशाला मुख्य खाणं म्हणून सुकं गवत लागतं. ते सांगितलं, तर बाबा दुखावले. "म्हणजे आपण गोड खायचं आणि त्यानं वाळलेलं गवत? हा कुठला न्याय?"

मी डॉक्टर शोधायला लागले. ज्या दवाखान्यात फोन करावा तिथे कुत्री-मांजरं. एकानं फोनवरच विचारलं, "खरगोश? छोटा है कि बड़ा?" जणू मापाचा शर्ट काढून देणार होता. शेवटी नोएडात एक डॉक्टर सापडल्या, ज्या ससे नियमित बघतात. त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

मध्यंतरी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी निघाली त्या दिवशी ते घरभर हिंडून रंग बघत होते. आईची साडी जांभळी आहे, निळी नाही, हे त्यांना नव्यानं कळलं. मग ते जमिनीवर बसले आणि सशाकडे बघत राहिले. "अगं, याला पापण्या आहेत!" ते मला हाक मारून म्हणाले. "आणि मी इतके दिवस याला राखाडी समजत होतो. हा तर मातकट आहे. प्रत्येक केसाला तीन रंग आहेत बघ." इतका वेळ त्यांना कुठल्याही गोष्टीकडे मत न देता बघताना मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांच्या तारखेआधी मला मावसबहिणीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. निघताना मी दोघांना समोर बसवून सांगितलं, "त्याच्या डोळ्यात काही घालू नका. गुलाबजल नाही, मध नाही, काही नाही. पाण्यात कापूस बुडवून गाल पुसा आणि कोरडा करा. मी आले की नेते."

"नोंदवलं," बाबा म्हणाले. तेव्हाच मी लग्न सोडायला हवं होतं.

परत आले तर डोळा खरंच बरा दिसत होता. लाली गेली होती. बाबा दारातच उभे, चेहऱ्यावर संप यशस्वी झाल्याचा आनंद. "बघ. उगाच घाबरवत होतीस. आणि नोएडाची ती वेळ मी फोन करून रद्द केली. एखाद्या जास्त गरजू जनावराला मिळू दे."

"मला विचारल्याशिवाय?"

"गरज नसताना जागा अडवून ठेवणं बरं नव्हे."

तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. आमच्या घरात माणूस नेहमी तत्त्व म्हणून बरोबर असतो.

दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी अध्यक्ष फ्रिजच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसले. अंग फुगवलेलं, कान मागे पडलेले. जवळ गेले तर दातांवर दात घासल्याचा आवाज येत होता. डावा डोळा अर्धा मिटलेला आणि जेवढा उघडा होता तेवढ्यात काळं काही नव्हतं. दुधात निळीचा थेंब पडावा तसा रंग. मी गाजर पुढे केलं. त्यानं तोंड फिरवलं. कोथिंबीर धरली. तीही नको.

मी आईला हाक मारायला स्वयंपाकघराकडे वळले, तर जेवणाच्या टेबलाशी बाबा मान मागे टाकून बसलेले आणि आई त्यांच्या डोळ्यात ऑपरेशननंतरचे थेंब घालत होती. थेंब घालून आई पोळ्यांकडे वळली. बाबांनी डोळे मिटले, उघडले, टेबलावरची बाटली उचलली, फ्रिजपाशी जाऊन वाकले आणि सशाचा डोळा बोटांनी उघडायला लागले.

"बाबा! काय करताय?"

"दोघांची वेळ एकच असते," ते शांतपणे म्हणाले. "तू नागपूरला गेलीस तेव्हापासून घालतोय. त्यानंच तर बरा झाला."

"हीच बाटली? तुमची?"

"मग? माझ्या डोळ्याला जे औषध चालतं ते त्याच्या डोळ्याला का नाही? तो काय दुय्यम नागरिक आहे?"

आईचं लाटणं थांबलं. "अहो," ती अगदी हळू म्हणाली. बाबांनी लग्न झाल्याझाल्या तिला अरे-तुरे करायला सांगितलं होतं. तिनं ते कधीच ऐकलं नाही. "अहो, त्याच्या डोळ्याला लागलेली बाटली तुम्ही परत तुमच्या डोळ्यात घालून घेताय?"

"आधी माझ्या, मग त्याच्या. मी क्रम पाळतो."

"आणि दुपारी?"

बाबांनी बाटलीचं टोपण लावलं.

"दुपारी पुन्हा आधी तुमच्या ना? सकाळी त्याच्या डोळ्याला टेकलेली. ती तुमच्या कापलेल्या डोळ्यात, आणि ती पण माझ्या हातानं!" आईचा आवाज चढला. "डॉक्टरांनी मला तीनदा सांगितलं, हात धुवा, टोक कुठे टेकवू नका. आणि इथे ससा! सशाचा पू! हे भगवान, कुठे आणून ठेवलंय मला या माणसानं!" आमच्या घरात देवाचं नाव इतक्या मोठ्यानं क्वचितच निघतं. बाबांनी त्यालाही हरकत घेतली नाही.

मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. प्रतिजैविक आणि त्याच्याबरोबर स्टेरॉइड. मी नोएडाच्या डॉक्टरांना फोन लावला. औषधाचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, "खाना बंद है? तो अभी लाइए. आज ही." नेत्रतज्ज्ञांना आईनं फोन केला. तिकडूनही आजच या असा निरोप मिळाला. बाबांनी ठरवलं, आधी ससा. आईनं ठरवलं, आधी बाबा. या एका प्रसंगी मतदान झालं नाही. आईनं त्यांना रिक्षात कोंबलं, नेत्रतज्ज्ञांकडे नेलं, तिथे त्यांनी बोलणी खाल्ली, डोळा नशिबानं ठीक निघाला, नवी बाटली मिळाली. घरी परतून जिना न चढता ते तसेच खाली थांबले आणि मला फोन केला, "टोपली घेऊन ये. मी येतोय तुझ्याबरोबर."

डॉक्टर माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी सशाला टॉवेलमध्ये असं गुंडाळलं, की फक्त डोकं बाहेर राहिलं. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, मग केशरी टोकाची एक कागदाची पट्टी ओली करून पापणीआड टेकवली. दिवा बंद केला आणि निळा टॉर्च लावला. बुबुळावर हिरवा डाग पेटला. पेटला हाच शब्द. विझलेल्या खोलीत तेवढंच एक हिरवं, मसुराच्या डाळीएवढं.

"यहाँ घाव है," त्या म्हणाल्या. "किसने डाली थी वो दवा?"

"मैंने," बाबा म्हणाले. स्पष्टीकरण दिलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण बाबांचं एका शब्दात संपलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"अंकल, आपकी दवा सूजन दबाती है, लाली दबाती है. घाव का भरना भी दबाती है. ऊपर से आँख साफ़ दिखी, अंदर घाव बढ़ता गया. डाई से जाँचे बिना ये दवा खरगोश की आँख में कभी नहीं."

मग त्यांनी तोंडात बारीक दुर्बीण घालून दाढा पाहिल्या, डोक्याचा एक्स-रे काढला आणि तो आम्हांला दाखवला. सशाचे दात जन्मभर वाढतात. वाळलेलं गवत तासन्‌तास चावून ते झिजतात. आमच्या अध्यक्षांना चावायला होतं गाजर आणि चहात भिजलेलं मारी. दात वरून झिजले नाहीत, म्हणून मुळं उलट्या दिशेनं आत सरकली आणि डाव्या डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळी त्यांनी दाबून टाकली. पाण्याला वाट नाही, म्हणून ते गालावर. साचलेल्या पाण्यात जंतू, मग खाज, मग स्वतःच्याच पंजानं खाजवून बुबुळाला ओरखडा. आणि ओरखड्यावर आमचं समतेचं औषध.

"और प्रदूषण?" बाबांनी विचारलं. मला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. इतकं होऊनही.

डॉक्टर हसल्या नाहीत. "प्रदूषण तो है, अंकल. लेकिन वो दोनों आँखों में होता."

मी भिंतीवरच्या मांजरांच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिले. एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा संयम आहे आणि त्याची घरात कुणीही दखल घेतलेली नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. घाव भरला तर डोळा राहील. आणखी खोल गेला तर डोळा काढावा लागेल, कारण फुटलेल्या डोळ्याचं दुखणं घेऊन जनावराला जगवायचं नसतं. बाबांनी टोपलीची कड दोन्ही हातांनी धरली होती. परतीच्या टॅक्सीत त्यांनी एकदाच विचारलं, "काढला तर त्याला पापण्या राहतील का?" मी नाही म्हणाले. राहत नाहीत, शिवून टाकतात.

त्यानंतरचे दिवस म्हणजे निव्वळ भांडण. थेंब दिवसातून अनेकदा घालायचे, दोन औषधांच्या मध्ये थोडा वेळ सोडायचा, टोक डोळ्याला टेकू द्यायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळताना मागचे पाय नीट धरले नाहीत तर ससा लाथ मारून स्वतःचीच पाठ मोडून घेऊ शकतो, म्हणून ते काम आईनं घेतलं. तिच्या कुशीत तो हलत नसे. मी थेंब घालायची. बाबांना फक्त कापूस दिला होता, सलाइनमध्ये बुडवलेला. आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेनं पुसायचं, दर वेळी नवा बोळा, आणि मग गाल कोरडा करायचा, कारण ओल्या केसांखालची कातडी सोलवटते. यातही बाबा सूचना देत. "तू घाई करतेस." "आई त्याला आवळतेय." एकदा आई म्हणाली, "अहो, तुम्ही पत्रक काढा आणि दाराखालून सरकवा. तोवर आम्ही औषध घालतो."

तो आपण होऊन खाईना. ससा दिवसभर उपाशी राहिला तर त्याचं आतडं थांबतं आणि डोळ्याआधी जीव जातो. डॉक्टरांनी गवताची पूड दिली होती. ती कोमट पाण्यात कालवून सिरिंजनं तोंडाच्या बाजूनं थोडी थोडी भरवायची. निम्मी त्याच्या हनुवटीला, निम्मी माझ्या कुडत्याला. आम्ही तिघं त्याच्या शेपटीकडे डोळे लावून बसलेले असायचो. रविवारची सभा चालू असताना आई आतून ओरडली, "अगं, झाल्या! लेंड्या झाल्या!" हॉलमधले निवृत्त अधिकारी टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते निम्म्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

त्याच सभेत एक काका मला म्हणाले, "बेटा, बुरा नको मानू. पण एका सशासाठी नोएडाला चकरा? आपल्या देशात माणसांना डोळ्यांचे डॉक्टर मिळत नाहीत."

मी तोंड उघडलं होतं. आतून जे काही येत होतं ते काकांच्या वयाला शोभलं नसतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मिळायला पाहिजेत. म्हणून काय याचा डोळा जाऊ द्यायचा? याचा डोळा गेल्यानं कुठल्या माणसाला डॉक्टर मिळणार आहे, ते सांग." काकांनी चहाचा कप उचलला. बाबा मात्र सुरू झाले आणि थेंबाची वेळ टळली. मला आत जाऊन ओरडावं लागलं.

गवताचं तर विचारूच नका. मी ऑनलाइन मागवते म्हणाले, तर बाबांना ते पटेना. जवळ यमुनेकाठी म्हशी आहेत, डेअऱ्या आहेत, तिथून घेऊ. पिशवी घेऊन गेले आणि भुसा घेऊन आले. गव्हाचा, चिरलेला, धुळीनं भरलेला. पिशवी उघडली तशा आम्ही तिघं शिंकलो. "बाबा, त्याच्या डोळ्यात घाव आहे आणि तुम्ही धूळ विकत आणलीत."

"ताजा आहे."

"धूळ ताजी आहे!"

भुसा सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्या गायीला गेला. ऑनलाइन गवत आलं, लांब काड्यांचं, हिरवट, चांगल्या वासाचं. मी ते झटकून, टोचणाऱ्या जाड काड्या काढून, त्याच्या पुढ्यात जमिनीवर पसरलं. डोळ्याच्या उंचीवर ठेवायचं नाही, कारण तोंड खुपसताना काडी डोळ्यात जाते. लघवीचा कोपरा रोज धुवायचा, कारण तिचा उग्र वास त्याच्या डोळ्यांना झोंबतो. आपल्या नाकाला यायच्या कितीतरी आधी तो त्याच्या नाकाशी असतो. तो जमिनीलगत राहतो, आपण वर. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं विनातक्रार फिनेल बाजूला ठेवलं आणि साध्या पाण्यानं, थोडा व्हिनेगर घालून, कोपरा धुवायला घेतला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'जमिनीलगत राहणाऱ्यांना आधी वास येतो' हे वाक्य दोनदा उच्चारून पाहिलं. कुठे वापरणार आहेत ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "आधी खराटा घ्या."

आणि घेतला त्यांनी. हेही लिहायला हवं. खराटा घेतला, कापूस घेतला, एका सकाळी मी उठायच्या आत गवत झटकून पसरून ठेवलं. गाजर पूर्ण बंद केलं. स्वतःचंही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही खा की." तर म्हणे, "त्याच्यासमोर?"

तपासणीला आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी टॉवेल गुंडाळला, पट्टी टेकवली, दिवा बंद केला. निळा उजेड पडला. बाबांनी माझा दंड धरला.

"दिसतंय का? हिरवं दिसतंय का?"

"थांबा हो."

डॉक्टरांनी टॉर्च फिरवला. वरून, खालून, बाजूनं. हिरवं कुठेच नव्हतं. जिथे डाग होता तिथे आता धुकं जमल्यासारखा पांढुरका व्रण होता. "घाव भर गया," त्या म्हणाल्या. "आँख बच गई. ये निशान रहेगा. इस तरफ़ से इसे कम दिखेगा, शायद सिर्फ़ उजाला-अँधेरा." नळी त्यांनी पाणी सोडून धुतली; नाकातून आधी पांढरं आलं, मग स्वच्छ. दातांची मुळं मात्र मागे जाणार नव्हती. गवत जन्मभर, दाढा अधूनमधून तपासायच्या, नळी पुन्हा बंद होऊ शकते, गाल ओला दिसला की लगेच यायचं. "और अचानक बाएँ से हाथ मत लगाइए. डर जाएगा. बोलकर आइए."

दिवा लागला. बाबांनी डोळे पुसले, उजवा, ऑपरेशन झालेला. आई म्हणाली, "हात धुतले होते का?"

घरी आल्यावर ससा हॉलमध्ये त्याच्या जागी, सोफ्याच्या पायाशी बसला. बाबांची आरामखुर्ची त्याच्या डाव्या हाताला, टीव्हीसमोर. बाबा तिच्यात टेकले, तसा तो दचकून उडाला. बाबा उठले. खुर्ची दोन्ही हातांनी ओढत पलीकडे नेली, त्याच्या उजव्या बाजूला, आणि पुन्हा बसले. ससा हलला नाही. तिथून टीव्ही दिसत नाही, दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं आणि बाल्कनीचं दार पूर्ण अडतं.

आईनं सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. कपडे वाळत घालायचे तर बाबांना उठवावं लागतं आणि ते उठत नाहीत. परवा ओल्या चादरींची बादली घेऊन मी त्यांच्यासमोर कितीतरी वेळ उभी होते. "हळू बोल," ते म्हणाले, "आणि त्या बाजूनं येऊ नकोस. त्याला तू दिसत नाहीस."